बोट पाण्यात, आम्ही चिखलात

२१ नोव्हेंबर

बोट आली. खरीखुरी. ट्रॉलीवर बसून, गळ्यात हार घालून, नवरदेवासारखी. पुरासाठी दिली म्हणे. आमच्या गावात पूर कधी आला ते कोणालाच आठवत नाही, धरणाचं पाणी मात्र बारा महिने दारात. असो. सरकारी वस्तूला कारण विचारू नये.

चालवणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सरपंच रामकिसनभाऊ म्हणाले, "नरेंद्र गोव्याले होता ना? झालं मंग." होतो मी गोव्याला. हॉटेलात ग्लास धुवायला. मोरीच्या खिडकीतून बोटी दिसायच्या. तेवढ्या अनुभवावर आता मी कप्तान. दहावीनंतर पहिल्यांदा कुठंतरी पास झालो, तेही एकमतानं. नाही कसं म्हणू!

मग पूजा. भाऊंनी नारळ थेट बोटीच्या नाकावर आपटला. मी म्हटलं फायबर आहे भाऊ. तर म्हणे, गाडीले फोडतो, ट्रॅक्टरले फोडतो, बोटीनं काय घोडं मारलं? पहिल्या दणक्यात नारळ फुटला नाही, नाकाला चीर पडली. दुसऱ्या दणक्यात दोघंही फुटले. खोबरं गोड होतं.

२२ नोव्हेंबर

चीर एम-सीलनं बुजवली. शोभून दिसते.

घरात या बोटीवर हसायची सोय नाही. धम्मदीपाताई — माझी मोठी बहीण, उपकेंद्रात नर्स — बोटीसाठी अर्ज तिनंच केले होते. पलीकडच्या काठावर तांडा आहे. इथून चुलीचा धूर दिसतो, इतका जवळ. पण रस्ता अख्ख्या धरणाला वळसा घालून, अर्धा कच्चा. मी काही त्या रस्त्यानं कधी गेलो नाही. गोवा, सुरत, हैदराबाद पाहिलं, तांडा राहिला. तिथल्या मंजूचं पहिलं बाळ त्याच रस्त्यावर, जीपमध्ये गेलं. आता दुसऱ्या खेपेला दिवस भरत आलेत. डिसेंबर संपता संपता.

ताई म्हणाली, "यावेळेस ती पाण्यावरून येईन. तू फक्त बोट तयार ठेव नऱ्या. एवढं एक काम कर."

एवढं एक! म्हणजे बाकीच्या कामांची आशा तिनं सोडलेली दिसते.

२५ नोव्हेंबर

आज बोट पाण्यात उतरवली. म्हणजे ट्रॅक्टर उतरवला.

ट्रॉली मागं मागं घेत पाण्यात न्यायची, बोट तरंगली की थांबायचं. एवढंच असतं. भाऊ स्वतः स्टेअरिंगवर, ते थांबतात कशाला! बोट तरंगेना म्हणून आणखी मागं, आणखी मागं. मोठी चाकं गाळात गेली, इंजिननं मान टाकली. आणि बोट ट्रॉलीवर जशीच्या तशी — कारण तिला आवळलेले पट्टे कोणी सोडलेच नव्हते! कप्तान मीच, तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं असं सगळ्यांचं मत पडलं. दुसरा ट्रॅक्टर येईपर्यंत भाऊ सीटवर उभे राहून फोनवर बोलत होते. पाण्यातच ग्रामसभा चालू असल्यासारखे.

२६ नोव्हेंबर

आज शहाणपणा केला. पट्टे आधीच सोडले, वर, उताराच्या तोंडाशी. बोट सुटली ती मुरमावरून खरडत ट्रॉलीच्या आधी पाण्यात. दोर माझ्या हातात असायला हवा होता. माझ्या हातात मोबाइल होता, व्हिडिओ काढत होतो.

बोट एकटीच फिरायला निघाली. मला तिचा राग नाही आला. मीही घरातून असाच निघतो. मासे धरणाऱ्यांनी डोंगा घालून परत आणली आणि त्यांच्या हसण्याचा आवाज गावापर्यंत आला.

३० नोव्हेंबर

भाऊ नवे बूट घालून बसले. मी इंजिनची दोरी ओढली, चालू झालं! थोडं आत गेलो तर पाय गार. मग मोजे ओले. मग भाऊंनी बूट काढले, ते बोटीतल्या बोटीत तरंगायला लागले.

बोटीच्या तळाशी मागं एक भोक असतं, साचलेलं पाणी काढायला. त्याला बूच असतं. ते नव्हतं. मी भोकात गमछा कोंबून बोट कशीबशी काठाला लावली. घरी येऊन शोधाशोध. बाबांनी ते फवारणीच्या टाकीला लावलेलं! "टाकी गळून राह्यली होती," एवढंच बोलले. आता टाकी गळत नाही.

६ डिसेंबर

आज बोट नाही. सकाळपासून विहारात. सगळे पांढऱ्या कपड्यात, शांत. वंदना झाल्यावर ताई हळूच कानाशी आली. मला वाटलं काही चांगलं बोलेल. म्हणाली, "बूच बसवलं का?"

१० डिसेंबर

उतरवणं सोपं होतं, हे आज बाहेर काढताना कळलं.

आधी इंजिन वर उचलून घ्यायचं असतं, म्हणजे खालचा पंखा जमिनीला लागत नाही. मी नाही उचललं. पंखा खडकावर, पिन तुटली. मग बोटीत साचलेलं पाणी काढून टाकायचं असतं. आता बूच घट्ट बसवलेलं, ते काढायला कोण जातो! पाण्यासकट ओढली. गाभण म्हशीइतकी जड. ओढायचा जाड नाडा तुटला आणि ओढणारे सगळे एका ओळीत पाठीवर. बोट पुन्हा पाण्यात. तिला बाहेर यायचंच नाही, असं बाबांचं निदान.

१३ डिसेंबर

पिन आणायला अनसिंगला गेलो होतो परवा. पहिल्याच दुकानात मिळाली. तिथंच सगळं बिघडलं. काम लवकर झालं, दिवस उरला. स्टँडजवळ पोहरादेवीची जीप उभी, एक जागा रिकामी, ड्रायव्हर ओरडून राहिला. एका माणसासाठी गाडी अडकलेली बघवते का? गेलो. तिथं एकाशी ओळख झाली, त्याच्याकडं जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी त्याच्या गाईला डॉक्टर आणून दिला. पिन सगळा वेळ खिशात.

आज परत आलो तर ताई बोलत नाही. ताट पुढं सरकवते आणि जाते.

१६ डिसेंबर

पिन बसवली. आणि ठरलं — बोट वर काढायचीच नाही. पाण्यातच राहू दे, केव्हाही तयार. ताईलाही पटलं.

बाबांनी काठावर खुंटी ठोकली आणि बैल बांधतात तशी बोट आखूड बांधली. म्हणे लांब सोडलं तर दुसऱ्याच्या वावरात तोंड घालते. बोटीबद्दल चाललं होतं हे! पण कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

१७ डिसेंबर

झालं! ताईला घेऊन पलीकडं गेलो आणि कोणी बुडालं नाही.

तांड्याकडचा काठ वेगळाच. गाळ नाही, उभा खडक, पाणी थेट खडकाला टेकलेलं. मंजू पोट सांभाळत खाली आली. बोटीच्या कडेवरून हात फिरवला, बाजारात शेळी पाहतात तसा. तिचे सासरे दौलतसिंगकाका माझ्याकडं बघत म्हणाले, "सिस्टर, हे पोरगं तं आमी फक्त फिरतानाच पाह्यलं. वक्तावर सापडीन का?"

ताईनं त्यांना बजावलं — कळा सुरू झाल्या की फोन करा, जीप काढू नका, बोट येईपर्यंत थांबा. मंजू बोटीकडं बघत काहीतरी सांगायला लागली होती. पण ताईनं तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि गप्प बस म्हणाली. ते राहूनच गेलं.

१९ डिसेंबर

कॅनॉलला पाणी सुटलं! रब्बीची पाळी. आमचं वावर कॅनॉलच्या पार शेवटी. तिथपर्यंत पाणी येतं असं फक्त कागदावर. यंदा रामकिसनभाऊंनी शब्द दिला, शेवटचं वावर भिजल्याशिवाय गेट बंद होऊ देणार नाही. बाबा पहाटेच फावडं घेऊन गेले. मलाही जुंपलं. अख्खं गाव कॅनॉलवर.

बोटीकडं कोणी फिरकत नाही. कशाला फिरकायचं? बांधलेली आहे.

२३ डिसेंबर

हातांना फोड. पाणी अजून वरच्या वावरांत. शेतकरी होण्यापेक्षा कप्तान बरा.

२८ डिसेंबर

सकाळी काकांचा फोन आला. ताईनं "थांबा, बोट येऊन राह्यली" म्हटलं आणि आम्ही धावत काठावर.

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब. खुंटीला बोट नाक वर करून टांगलेली, मागचा भाग गाळात रुतलेला, आणि तिच्यापुढं नुसता चिखल, चिखल, चिखल, त्यापलीकडं पाणी. इतके दिवस ते पाणी आम्हीच फावड्यांनी वाट काढून हरभऱ्यात नेत होतो. नाचत होतो. ते येतं कुठून, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. धरणाच्या काठावर जन्मलेली माणसं आम्ही!

ट्रॅक्टर या गाळात घालण्यात अर्थ नव्हता, तेवढं आता भाऊंनाही कळलेलं. बाबांनी गेल्या सालच्या तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे, भारे आणायला लावले. वावरातून लोक तसेच पळत आले. चिखलावर तुराट्या अंथरायच्या, त्यावरून बोट सरकवायची, मागच्या तुराट्या उचलून पुढं टाकायच्या. भाऊ अनवाणी, मांडीपर्यंत गाळात, खांदा लावून. ताई फोनवर तेच तेच सांगत होती — निघू नका, आलोच, थांबा. मग पलीकडून कोणी फोन उचलेना.

पोचलो तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. वरून एक म्हातारी आली. म्हणाली, "गेले जीपनं. किती वाट पाहाव माणसानं?"

ताई तिथंच खाली बसली. इंजिन चालूच होतं. बंद करायचं मला सुचलं नाही.

२९ डिसेंबर

मंजूला पोरगी झाली. दवाखान्याच्या फाटकात, जीपमध्येच. दोघी ठीक आहेत.

ताईनं तिथल्या सिस्टरला फोन लावला. विचारलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर? उत्तर ऐकलं. फोन ठेवला आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

थांबा म्हणणारे आम्ही. त्यांनी आमचं ऐकलं नाही म्हणून पोरगी आहे.

संध्याकाळी बाबा आले. आमच्या वावरात पाणी पोचलं होतं. मला लांबूनच दिसलं, पाय ओले होते त्यांचे. दारात थांबले, ताईकडं पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेले.

१२ जानेवारी

ताईबरोबर पोरीला पाहायला गेलो. या वेळी बूच, पट्टे, दोर, इंजिन, सगळं बरोबर केलं. शाबासकी द्यायला कोणी नव्हतं.

मंजू पोरीला मांडीवर घेऊन खडकावर उन्हात बसली होती. त्या दिवशी राहिलेलं आज बोलली.

"दादा, बोट तिकडं कायले बांधता? अडते तं आमचं."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं. इथं पाणी हटलं तरी खडकालाच टेकलेलं राहतं.

बोट तिथंच बांधली, दोर लांब ठेवून. इंजिनची दोरी कशी ओढायची ते काकांना दाखवलं, इंजिनची किल्ली मंजूच्या हातात दिली. मग आम्ही दोघं जीपनं, वळसा घालून घरी आलो. पोचेपर्यंत अंधार पडला.