उजव्या हातातली ऊब

८ सप्टेंबर, सोमवार
पुन्हा केलं. करणार नव्हते.
वर्गातली निकिता बाथरूममध्ये रडत होती, केमिस्ट्रीचा तास बुडवून. तिच्या त्या मुलानं ब्लॉक केलंय. चार दिवस धड जेवली नाही म्हणे. मी तिचं मनगट धरलं. नेहमीसारखीच ऊब तिच्या मनगटातून माझ्या उजव्या तळव्यात चढत आली. तव्यावरची भाकरी हातात घेतल्यासारखं वाटतं. मग नळाखाली हात धरला. गेली वाहून. निकितानं नाक पुसलं आणि म्हणाली, "कुठला तास चाललाय गं?" बस्स. प्रेम संपलं.
वळले तर दारात सायली. सगळं बघितलेलं. माझ्या ओल्या हाताकडे बघत उभी.

९ सप्टेंबर
सायलीला सांगून टाकलं. जूनपासून एका बाकावर बसतो, खोटं किती बोलणार? ती दिंडोरीची, वडिलांची द्राक्षबाग आहे. अकरावीसाठी नाशिकरोडला आत्याकडे राहते.
वाटलं घाबरेल. तर म्हणते, "मला उलटं येतं."
त्यांच्याकडची शेळी एकदा पिल्लाला जवळ घेईना, लाथा मारायची. सायलीनं तिच्या पाठीवर तळवा ठेवला. शेळीनं पिल्लाला चाटायला सुरुवात केली. तेव्हा ही पाचवीत. म्हणजे मी ऊब काढते आणि ही ठेवते. एकाच बाकावर!
मी म्हटलं, "प्रेम म्हणजे ताप. उतरवला की माणूस बरा."
"पार उतरला की माणूस गार पण पडतो, सुजे."
घरी येईपर्यंत बसमध्ये हेच डोक्यात. तिला काय कळतंय.

१५ सप्टेंबर
निकिता छोट्या बहिणीला शाळेतून आणायला विसरली. विसरली पण नाही, गेलीच नाही. पोरगी दोन तास गेटवर. आईनं मारलं तर निकिता म्हणाली, "काय झालं त्यात, आली ना घरी."
मी फक्त त्या मुलाचं काढलं होतं. असं मला वाटत होतं.
सायलीनं आज ग्राउंडवर तिच्या पाठीवर हात ठेवला. निकिता ओक्साबोक्शी रडली, बहिणीकडे पळाली. सायली भर उन्हात कुडकुडत बसली. माझी ओढणी गुंडाळून तिनं डबाभर गूळ-शेंगदाणे संपवले. तिची स्वतःची ऊब जाते ठेवताना. माझं काहीच जात नाही.

१९ सप्टेंबर
निकिताच्या गालावर वळ. त्या मुलाला भेटायला गेली होती, दुसऱ्या नंबरवरून मेसेज करून. मी सायलीवर ओरडले, अख्ख्या कॉरिडॉरमध्ये.
"हे बघ तुझं प्रेम!"
"मारलं त्यानं. यात तिचं प्रेम कुठं चुकलं?"
"प्रेम नसतं तर गेलीच नसती."
"तिच्या आईला मी सांगते. तिच्यासोबत रोज बसस्टॉपपर्यंत जाते. पण तिच्या आतलं काढून नाय घेणार मी."
आणि खरंच निकिताच्या घरी गेली. एकटी. मी गेले नाही. राग आला की माझे पाय जड होतात.

२१ सप्टेंबर, रविवार
पप्पांनी मम्मीच्या साड्या काढल्या. महिन्यातून एकदा काढतात. पलंगावर पसरायच्या, घड्या बदलायच्या, परत ठेवायच्या. "एकाच घडीवर राहिल्या की चिरतात गं." तीन वर्षं झाली मम्मीला जाऊन. मेलेली नाही. पुण्यात आहे, दुसऱ्या माणसाबरोबर. कोण, कुठे, सगळं माहीत आहे. अख्ख्या एकलहरे कॉलनीला माहीत आहे. पप्पा वीज प्लांटवर शिफ्ट करतात, येतात, घड्या घालतात.
विचारलं, "कुणासाठी ठेवायच्या?"
"लागल्या तिला तर."
माझा उजवा हात आपोआप पुढे गेला. मागे घेतला.
पण का घेतला? निकितासारख्या मुलीचं करते आणि स्वतःच्या बापाचं...

२३ सप्टेंबर
सायलीला सांगितलं की पप्पांची ऊब काढणार.
"त्यांना विचारलंस?"
"तापात माणसाला विचारतात का?"
"तुझ्यावरची पण जाईल. निकिताची बहिणीवरची गेली तशी."
"गेली तर गेली." (खोटं.)
तर म्हणते, "तू काढ, मी येऊन परत ठेवीन. तू काढ, मी ठेवीन. बघू कोण आधी दमतंय."
आज वेगळ्या बाकावर बसले. दिवसभर कशातच लक्ष नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
डाव्या हातानं लिहितेय. कालचं. अक्षर दुसरीतल्या पोरासारखं.
सायलीनं घरी बोलावलं होतं. "भांडायचं तर जेवून भांडू." गेले दिंडोरीला. तिच्या आईनं वाढलं, खूप वाढलं. मग आम्ही दोघी बागेत. आठ दिवसांपूर्वी छाटणी झालेली, मांडवावर नुसत्या उघड्या काड्या, कोंबांचे डोळे नुकते फुगलेले. दुपारचं ऊन थेट अंगावर.
"शब्द दे. पप्पांना हात लावणार नाहीस."
"नाही देणार."
मी निघाले. तिनं मागून पाठीवर तळवा दाबला. मी अर्धवट वळून तिचं दुसरं मनगट पकडलं. पुढचं नीट क्रमानं आठवत नाही.
मम्मी आठवली. आठवली नाही, आलीच. वेणी घालताना माझं डोकं गुडघ्यांत दाबून धरायची. डबा भरताना गुणगुणायची. हे इथे कधी लिहिलं नव्हतं, आता लिहिते: सगळ्यात पहिली ऊब मी माझीच काढली होती. मम्मी गेली त्या आठवड्यात, स्वतःचंच मनगट धरून. म्हणून मी तिच्यासाठी कधी रडले नाही. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे.
सायलीनं ते सगळं परत आत घातलं. तिला माहीत तरी होतं का? मला इतकं दुखलं की मी किंचाळले. आणि खेचलं. तिचं, जेवढं हाताला लागलं तेवढं सगळं.
तिच्या मागच्या ओळीत काड्यांचे डोळे फुटायला लागले. तडतड आवाज, बोटाएवढी पानं बघता बघता तळहाताएवढी झाली. माझ्या मागची ओळ काळी पडत गेली. मांडवाच्या तारेवर पांढरं साचलं, भर दुपारी. ठिबकची नळी गोठून फाटकन फुटली. ती ठेवत होती, मी काढत होते. तिचे ओठ निळे. "सोड सुजे," म्हणाली. सोडायला हवं होतं. मी अजून घट्ट धरलं.
मग तिचा तळवा माझ्या पाठीवरून नुसता घसरला.
"झालं?" ती म्हणाली. "चल. तुझी बस चुकेल."
आवाज अगदी साधा. अंगणात तिच्या आईनं तिच्या गालाला हात लावला, "गार काय लागतीस गं?" सायलीनं तो हात बाजूला केला, पंख्याचं बटण बंद करावं तसा, आणि आत गेली.
तिची ऊब माझ्या हातात आहे. नळाखाली धरली नाही. मूठ उघडली नाही. बसमध्ये, घरी, झोपेत पण नाही.

३० सप्टेंबर
सायली कॉलेजला आली. माझ्या शेजारीच बसली, कारण जागा तिथे होती. "फिजिक्सची वही देतेस?" दिली. "थँक यू." राग नाही, काही नाही. निकिता आज एकटी बसस्टॉपला गेली. सायली विसरली नव्हती. गेली नाही, एवढंच. मी निकितासोबत गेले.
बागेची एक ओळ गेली म्हणे. तिचे वडील म्हणतात, छाटणीनंतर काड्यांना लावतात ती पेस्ट कडक झाली. सायलीनं हे मला बातमी सांगावी तसं सांगितलं.
पप्पा: "हाताला काय झालं?" मी: "मुरगळला." रुमालानं बांधून दिला त्यांनी. मूठ उघडायला सांगितली नाही.

१ ऑक्टोबर
पप्पा नाइट करून आले, दुपारी खुर्चीतच झोपले. मनगट खुर्चीच्या हातावर उघडं. आता अडवणारं कोणी नाही.
पण घ्यायचं तर उजवा हात रिकामा हवा. मूठ उघडली की सायलीची जाणार. कायमची. आणि डाव्यानं येत नाही, करून पाहिलं. हो, पाहिलं. खोटं कशाला लिहू. दोन मिनिटं त्यांचं मनगट डाव्या हातात धरून बसले. काही चढलं नाही. ते झोपेत म्हणाले, "अभ्यास झाला?"
मग कपाट उघडून साड्यांचा वास घेतला. मला आता मम्मीची आठवण येते. सारखी. असह्य आहे हे. पप्पा हे घेऊन रोज ड्युटीला कसे जातात?

४ ऑक्टोबर, शनिवार
सायली आली आहे. न कळवता. एकलहऱ्याची बस पकडून, विचारत विचारत क्वार्टरपर्यंत.
"मला तुझं काही वाटत नाही," दारातच म्हणाली. "राग पण नाही."
"मग कशाला आलीस?"
"वाटायचं ते आठवतंय. आपलं भांडण झालं की मला रात्री जेवण जायचं नाही. जिला असं व्हायचं ती मुलगी आज इथं आली असती. म्हटलं, जाऊन यावं."
मी मूठ दाखवली. "अजून आहे. पण ठेवता मला येत नाही. ते तुला येतं."
तिनं थोडा विचार केला. गणिताचा करतात तसा. मग म्हणाली, "सांगते. पाठीवर तळवा, मधोमध. दाबायचा नाही. आणि ओढायचं नाही, सोडायचं."
"मला ओढायचीच सवय आहे."
"माहितीये."
पलंगावर बसलोय. ती पाठमोरी, माझा उजवा हात तिच्या पाठीवर, मूठ तिथे टेकवूनच उघडली. तासभर झाला, पाच वाजलेत. पप्पा चहा ठेवून गेले, "काय चाललंय?" सायली म्हणाली, "प्रॅक्टिकल." वही मांडीवर घेऊन डाव्या हातानं लिहितेय, म्हणजे हाताकडे लक्ष जाणार नाही. लक्ष दिलं की तो ओढायला लागतो.
तिची पाठ फरशीसारखी गार.
"काही होतंय?" मी विचारलं.
"नाय."
हात काढून घ्यायला लागले.
"राहू दे," ती म्हणाली. "शेवटची बस साडेसातची आहे."