आमच्या कॉलेजातून सायकलचा रस्ता गेला, त्याची हकीकत

हिंगोली, १२ जानेवारी

तीर्थस्वरूप पद्मजाअक्का,

धाकट्या विश्वंभरचा पाय शिवून नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग. थंडीत त्यांचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना मोबाईल बघणं त्यांनी सोडलं का? तुझं बीपी, केळीची बाग आणि ती मारकी गाय, सगळ्यांची खुशाली कळव. इकडं सीमा बरी आहे. शौनक पुण्याला बरा आहे (म्हणजे फोन उचलत नाही, त्यावरून बरा असावा). आणि मी तर इतका बरा आहे की चार दिवस झाले, डोळ्याला डोळा लागला नाही! फोनच करणार होतो, पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि माझा मुद्दा तिथंच जीव सोडतो. म्हणून पत्र. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही.

अक्का, झाला! आपल्या हिंगोलीत नुसत्या सायकलींसाठी रस्ता झाला, आणि तो आमच्या कॉलेजातून गेला! स्टँडच्या बाजूनं निघतो तो थेट औंढा रोडला लागतो. तांबडा रंग, कडेला पांढरी रेघ, तोंडाशी लोखंडी खांब, म्हणजे मोटारसायकल घुसू नये (परवा एकानं घुसवून बघितली, तो अजून हँडल सरळ करून राहिला आहे). आता तू म्हणशील, रस्ता तर रस्ता, त्यात एवढं नाचायचं काय? तेच सांगतो. हा रस्ता होण्यात तुझ्या भावाचा हात आहे. आणि न होण्यातसुद्धा होता, तेही खरं खरं सांगतो, कारण तुझ्याशी खोटं बोललं की मला उचकी लागते.

झालं असं की जूनमध्ये देवश्री नावाची एक तरुण इंजिनिअर बाई नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्याकडं आली. शहराच्या नकाशात आमचं कॉलेज बरोबर मधे आडवं पडलेलं. वळसा घालावा तर ट्रकांची सडक, मधून काढावा तर आम्ही. तिनं तीन मार्ग काढून आणले होते. पहिला प्राचार्य शिवप्रसाद सरांच्या हिरवळीतून. (ही हिरवळ सरांनी बाहेरच्या तपासणी कमिटीसाठी लावली. कमिटी येऊन चार वर्षं झाली, पण सर अजून रोज सकाळी तिला स्वतः पाणी घालतात आणि कुणी पाय ठेवला तर त्यांच्याच पोटावर ठेवल्यासारखे कळवळतात.) दुसरा मार्ग खेळाचे हिरासिंग सर यांच्या धावपट्टीवरून. ही धावपट्टी वर्षातून एकच आठवडा फक्कीनं आखलेली असते, एरवी तिथं गवत असतं. पण हिरासिंग सरांना ती बाराही महिने दिसते. या दोन्ही मार्गांना मी मनापासून पाठिंबा दिला. तिसरा मार्ग ऑफिसच्या मागच्या कडुनिंबाखालून जात होता. तिथं एकोणीस वर्षं माझी गाडी उभी असते. भर मे महिन्यात सगळ्या कॉलेजात एकट्या हेडक्लार्कची गाडी थंड असते, अक्का. त्या मार्गाविरुद्ध मी चार पानी तांत्रिक हरकत लिहिली. विषय: कडुनिंबाच्या मुळांचे संभाव्य नुकसान.

मग तीन सभा झाल्या. शिवप्रसाद सरांचं एकच पालुपद, आज सायकली येतील, उद्या म्हशी येतील, परवा वरात येईल. हिरासिंग सरांनी तर भर सभेत शिट्टी वाजवून देवश्रीबाईंना मैदानाबाहेर जायला खुणावलं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाली.' बाई बिचारी दर वेळी नकाशा गुंडाळायची आणि सांगून जायची की महिनाअखेरपर्यंत कॉलेजचं ना-हरकत पत्र मिळालं नाही तर मंजुरी परत जाईल, मग हा रस्ता विसरा. आम्ही चहा पिऊन विसरायला लागलो होतो.

आणि एक दिवस माझ्या खिडकीशी राधिका आली. ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, साखरा गावची. एसटीनं स्टँडवर उतरते, पंक्चरवाल्याकडं ठेवलेली सायकल घेते आणि त्या ट्रकांच्या सडकेनं कॉलेजला येते. मार्चमध्ये ऐन परीक्षेच्या दिवशी हळदीच्या ट्रॉलीचा तिला धक्का लागला. पोरगी नालीत, वरून फुटलेलं हळदीचं पोतं. तशीच उठून पेपरला बसली. मैत्रिणी म्हणाल्या, काय गं, आज हळद लागली का? तेव्हा सगळे हसलो होतो. मीही हसलो होतो. ती आता दाखला काढायला आली होती. फॉर्मवर कॉलेज सोडण्याचं कारण लिहायचा रकाना असतो. तिनं तिथं एकच शब्द लिहिला होता, 'रस्ता'.

मी म्हणालो, "हे काय कारण झालं? लग्न, आजारपण, बदली, असलं काहीतरी लिहितात."

"त्यातलं एकबी न्हाई, सर. आबा म्हणले, शिकून साहेब झाली न्हाई तरी चालंल, पण जित्ती पाह्यजे. कारण रस्ताच हाय. तुमी सांगा दुसरं, ते लिहिते."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो दाखले दिले, अक्का. असलं कारण कधी वाचलं नव्हतं. आणि ज्यांच्यामुळं ते लिहावं लागलं त्यांतला एक माणूस खिडकीच्या आत बसला होता. मी तिला सांगितलं की शिक्का बिघडला आहे, आठ दिवसांनी ये. शिक्का माझ्या कोपराखाली होता. लोक म्हणतात क्लार्क फायली दाबतात. मी ती एकच मुद्दाम दाबली, आणि तिच्यावर दोन दिवस नुसता बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी माझी चार पानी हरकत फाडली आणि देवश्रीबाईंना फोन केला की कडुनिंबाखालून घ्या, माझी गाडी उन्हात उभी राहील. बाई म्हणाल्या, सर, तुमचे आभार, पण आम्ही तो मार्ग रद्द केला, खाली संडासाची टाकी निघाली. म्हणजे एकोणीस वर्षं मी ज्या गारव्याचा अभिमान बाळगला तो कशावर उभा होता ते त्या दिवशी कळलं. आयुष्यात एकदाच त्याग केला, तोही कुणी घेईना!

डोकं शांत करायला ग्रंथालयाच्या मागं गेलो. तिथं मी कधी जात नाही (तिथं जुनी बाकडी आणि नवी जोडपी असतात). अकराचा सुमार. बघतो तर पडक्या भिंतीच्या भगदाडातून एक मेंढरू आत आलं. मग दुसरं. मग साठ! मागून खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारेबुवा. त्यांचं नाव वसराम. मी ओरडलो, "काका, कॉलेजातून काहून जाता?"

"सडकंनं गेलो तं गाड्या चिरडत्यात, साहेब. गेल्या साली दोन गेली. इथून कोणाला तकलीफ न्हाई. बारा वर्सं झाली, रोज जातो. तुमाला कळलं का?"

आम्हाला कळलं नव्हतं! चौदा कॅमेरे आहेत कॉलेजला. मी त्यांच्यामागं चालत निघालो. अक्का, काय वाट आहे! ग्रंथालयाच्या मागून, मैदानाच्या कडेकडेनं, जुन्या विहिरीला वळसा घालून पलीकडच्या भगदाडातून थेट औंढा रोडच्या कडेला. हिरवळीला धक्का नाही, धावपट्टीला नाही. चिखलाचे दिवस, पण वाट कोरडी, कारण मेंढरू ओल्यात पाय घालत नाही. बारा वर्षांत साठ मेंढरांनी जी आखणी केली होती ती तिन्ही नकाशांत नव्हती. मला तिथंच नाचावंसं वाटलं, पण बाकड्यावर एक जोडपं होतं.

शिवप्रसाद सर नुसतं सांगून ऐकणारे नाहीत. म्हणून मी देवश्रीबाईंना बोलावलं, पाहणी ठरवली, वेळ बरोबर अकरा. वसरामकाकांना म्हणालो, वेळेवर या. ते म्हणाले, "मेंढराला घड्याळ न्हाई, साहेब. पण येतो."

पाहणीच्या दिवशी आम्ही सगळे ग्रंथालयाच्या मागं उभे. सर पांढऱ्या सफारीत, तोंडावर 'नाही' तयार ठेवून. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले, मेंढराचा पत्ता नाही. वेळ भरून काढायला मी सायकलीचे फायदे सांगायला लागलो, हृदय, फुप्फुस, पेट्रोल, पर्यावरण, असा बोलत सुटलो की हिरासिंग सरसुद्धा शिट्टी विसरले. सर घड्याळ बघून निघणार, तेवढ्यात भगदाडातून गलका उठला आणि मेंढरं आली ती एकदम, कारण मागं कुत्रं लागलं होतं! आम्ही बाजूला झालो. सर मधे सापडले. चहूबाजूंनी लोकर, पाय ठेवायला जागा नाही, मागून रेटा. सर एका मेंढरावर हात टेकून चालायलाच लागले. मी ओरडतोय, सर थांबा! सर ओरडून राहिले, मी थांबलोच आहे! वसरामकाका धीर देत होते, "घाबरू नका, साहेब, ते बराबर नेत्यात." आणि बघता बघता आमचे प्राचार्य वळणावर विहिरीआड दिसेनासे झाले. देवश्रीबाई मात्र घड्याळ लावून त्यांच्यामागं पळत होत्या. नंतर म्हणाल्या, सहा मिनिटं, सर, फक्त सहा!

सर पलीकडं औंढा रोडच्या कडेला निघाले. मेंढरांनी भगदाड अडवलेलं, म्हणून देवश्रीबाईंना तिथंच मोजमाप करायला ठेवून ते सडकेनं परत यायला निघाले. एकटे, पायी. गेली बावीस वर्षं ते त्या सडकेनं काच वर करून गेले आहेत. जाताना सहा मिनिटं लागली, येताना पंचवीस. आले तेव्हा सफारीची एक बाही चिखलात होती, चष्म्याची एक काच तडकली होती. एक डंपर इतक्या जवळून गेला म्हणे की सर नालीत उतरले. आम्ही ऑफिसात बसवून पाणी दिलं. त्यांनी प्यायलं नाही, ग्लास नुसता धरून बसले. मग मला विचारलं, "विश्वंभर, आपली किती पोरं रोज या सडकेनं येतात?"

मी माझ्या टेबलाशी गेलो. काचेखालचा राधिकेचा फॉर्म काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो एक शब्द वाचला. पुन्हा वाचला. मग पेन मागितलं. मी माझं दिलं आणि ना-हरकतीवर सही झाली. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, 'मेंढरांचा पूर्वापार वापर चालू राहील.' वसरामकाकांना ती वाचून दाखवली तर म्हणाले, लिहायचं काय त्यात, ती तं जातातच.

राधिकेचा फॉर्म मी तिला परत दिला. शिक्का दुरुस्त झाला का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, शिक्का ठीक आहे, कारण दुरुस्त होऊन राहिलं आहे. तिचे आबा दर पंधरा दिवसांनी काम बघायला यायचे, खडीवर काठी आपटून बघायचे. गेल्या आठवड्यात रंग वाळल्यावर त्या तांबड्या रस्त्यावर चप्पल काढून चालले आणि मला म्हणाले, आता पोरीला एम.ए.सुद्धा करू. अक्का, त्या दिवसापासून मला झोप नाही!

तर अशी ही हकीकत. दाजींना वाचून दाखव. मुलांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझा,
विश्वंभर

ता. क. : सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की रस्त्याचं उद्घाटन आहे. सरांनी सभेत जाहीर केलं की पहिली सायकल राधिकेची आणि तिच्यामागं दुसरी 'मार्गाचे शोधक' म्हणून माझी. टाळ्या फार झाल्या आणि मी हो म्हणून बसलो. मला सायकल येत नाही, हे जगात तुला एकटीला माहीत आहे. सीमालाही माहीत नाही. संसाराच्या सत्तावीस वर्षांत विषयच निघाला नाही. मी पायी चालत होतो तो थेट चार चाकांवर बसलो.

ता. क. २ : रविवारी सकाळच्या बसनं तुझ्याकडं डोंगरकड्याला येतो. सीमाला सांगितलंय की अक्काची आठवण येते. (येतेच.) कुणाची तरी लेडीज सायकल मागून ठेव, मधे दांडी नसलेली, पाय भुईला टेकतील अशी. कुणाला पाहिजे ते सांगू नकोस.

ता. क. ३ : पोस्टानं पत्र रविवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळ्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतोय. वाचून लगेच पुसून टाक. आणि अक्का, तू मागून कॅरिअर घट्ट धर. सोडलंस तर मला सांगू नकोस.