एकही शब्द बदलणार नाही

४ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा, कारण तीन आठवडे झाले तरी तुझ्या पत्राचा पत्ता नाही.

बातमी अशी की रेकॉर्ड कंपनीने बोलावलं होतं. आपल्याला! ‘गंजका पत्रा’ला! लंबू लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून थेट आला, हाताला ग्रीस तसंच. साहेबांशी त्याने हात मिळवला आणि साहेब उरलेला वेळ रुमाल शोधत होते. त्याची बेस गिटार मात्र त्यांना आवडली म्हणे. आपण तिघांनी गॅरेजात टेप केलेली सगळी गाणी त्यांनी दोनदा ऐकली होती. तोंडभर कौतुक केलं. मग ‘पण’ आला. ‘आठवा मजला’मधली ‘थुंकी गिळून उभे आहोत’ ही ओळ लोकांना किळसवाणी वाटेल, तिथे ‘ओठ मिटून’ करा. शिवाय नाव बदला, गंजका पत्रा म्हणजे भंगाराचं दुकान वाटतं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासते, परक्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या जिवापाड जपते. मग स्वतःच्या गाण्यातल्या तुमच्या हवाली करू? शब्द बदलायचे असतील तर आम्ही निघतो. लंबूने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तो अजून दुखतोय. साहेब हसले आणि पुन्हा बोलू म्हणाले. म्हणजे अजून कशातच काही नाही. पण एकही शब्द बदलू देणार नाही, हे तुला लेखी देते.

बाबांना सांग. हळू सांगून उपयोग नाही, ओरडूनच सांग. त्यांच्या पायाची सूज उतरली का, ते कळव.

माया आहेच, ती मोजत बसू नकोस.
तुझी ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला, अगदी मणक्यावर.

तुझं पत्र मी गॅरेजात सगळ्यांना वाचून दाखवलं. मालक एका चेपलेल्या दारावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, म्हणजे हा आता पत्रे ठोकायचं सोडून पत्र्याची गाणी ठोकणार. पण खरे खूश झालेत. तारीख ठरली की तीन आठवडे रजा देतो, असं आपणहून म्हणाले. याच माणसाने मागे मला ताप असताना अर्धा दिवस दिला नव्हता.

संध्याकाळी शटर पडलं की रोज तास-दीड तास वाजवतो. मोठ्या ड्रमचं कातडं बदललं. बाबा खुर्ची ओढून समोर बसतात आणि मध्येच हात वर करून थांबवतात. घाई करतोयस, म्हणतात. ऐकू येत नसताना त्यांना हे कसं कळतं, देव जाणे. पायाची सूज उतरली आहे, पथ्य मात्र माझ्यावर नजर ठेवून मोडतात.

‘आठवा मजला’त लिफ्ट अडकते, तिथे मी एक ठोका गाळून पाहिला. पोटात खड्डा पडतो, लिफ्ट अचानक थांबल्यावर पडतो तसा. लंबूला सांग, त्यानेही तिथे हात उचलायचा आहे. आणि ताई, थुंकी सोडायची नाही. थुंकी सोडलीस तर मी वाजवणार नाही, हे साहेबांना माझ्यातर्फे सांग.

तुझ्या लोभाला सवकलेला,
ठोक्या


२ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

काल सह्या झाल्या. नाव आपलंच राहिलं. गाण्यांचा क्रम आपला. कव्हरवर आपले फोटो नकोत म्हटलं, तेही ऐकलं. आणि पहिल्या पानावर चक्क लिहून घेतलं की गाण्यांतला एकही शब्द बदलला जाणार नाही. साहेब म्हणाले, अशी चिवट बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नाही. बाकी कलमं नेहमीचीच आहेत.

रेकॉर्डिंगची तारीख अजून नक्की नाही. तू रजा वगैरे घेऊन ठेवू नकोस, उगीच मालकांपुढे तोंडघशी पडशील. बाबांजवळ कोणीतरी हवंच. गाळलेल्या ठोक्याची कल्पना छान आहे, लंबूला सांगितली. तो सध्या फार कामात आहे.

छापखान्यात जावं लागतंय, म्हणून आज एवढंच. तब्येतीला जप.
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र एवढंसं का? करार झाला आणि तू दोन बोटं कागद लिहितेस, मोठी माणसं अशीच वागत असतील.

तू नको म्हणालीस तरी मी रजा घेतली. तारीख आयत्या वेळी आली तर धावपळ नको. गॅरेजातल्या पोरांनी माझ्या मोठ्या ड्रमवर लाल रंगात बँडचं नाव काढून दिलंय, गाडीचा रंग आहे, शंभर वर्षं जाणार नाही. बाबांनी माळ्यावरून त्यांची जुनी बॅग काढली, पुसली, आणि माझे तीन शर्ट घडी घालून आत ठेवले. मला कसंतरीच झालं. माझ्या कपड्यांची घडी त्यांनी कधी घातल्याचं आठवत नाही. शेजारच्या काकू दोन वेळचा डबा देणार आहेत, त्यामुळे बाबांची काळजी करू नकोस.

लंबूला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आळशी आहे हे मान्य, पण निदान शिवी तरी लिहून पाठवायचा. तू रागावली आहेस का कशावर? माझं काही चुकलं असेल तर कान धर, अबोला धरू नकोस.

एक तारखेला सकाळच्या गाडीने निघतो. ड्रम घेऊन येऊ की तिथे मिळतील, एवढं मात्र उलट टपाली कळव.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
ठोक्या


२४ फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

निघू नकोस. रेकॉर्डिंग झालं. दहा तारखेला सुरू झालं, काल संपलं. ड्रम कंपनीच्या माणसाने वाजवले.

एवढंच लिहायला मला चार कागद फाडावे लागले.

कराराच्या शेवटच्या पानावर कलम होतं, वादक कोण असावेत हे कंपनी ठरवील. ते माझ्या नजरेतून सुटलं असं सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास, म्हणून तसं सांगत नाही. मी वाचलं होतं. विचारलंही. साहेब म्हणाले, तुमचा भाऊ जीव ओतून वाजवतो, पण त्याचा ताल पळतो. गाणं सुरू होतं त्याहून वेगात संपतं. आपल्याच टेपला घड्याळ लावून त्यांनी ते दाखवलं. त्याआधी तीन तास मी शब्दांसाठी भांडले होते. थुंकीसाठी भांडले, नावासाठी भांडले, एका स्वल्पविरामासाठीसुद्धा भांडले. तुझी पाळी येईपर्यंत घसा बसला होता. आता नाही म्हटलं तर हाती आलेलं सगळंच जाईल, अशी भीती वाटली.

आणि आणखी एक, जे लपवलं तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. ते घड्याळ बघताना मला वाटलं, खरंच आहे त्यांचं. त्या वाटण्यातच मी सही केली. लंबू उठून जिन्यात जाऊन बसला होता. मी बोलवायला गेले तेव्हा म्हणाला, तू भावाला सांगणार असशील तरच सही करतो. मी सांगते म्हटलं. तेवीस दिवस सांगितलं नाही. त्याच्यावर रागावू नकोस.

तू म्हणत असशील तर उद्या जाऊन करार मोडते. कसा मोडतात ते मला ठाऊक नाही, पण जाते.

क्षमा माग असं मीच तुला लहानपणी शिकवलं. आज ती कशी मागायची, ते सुचत नाही.
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

करार मोडू नकोस. रेकॉर्डिंग झालेलंच आहे. आता मोडून चार कागदांचे आठ होतील, दुसरं काय?

मालकांना सांगितलं, तारीख पुढे गेली. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो तर कोणी चकार शब्द विचारला नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं असणार. दुपारी मालकांनी स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. तो पिणं सगळ्यात अवघड गेलं.

माझा ताल पळतो हे खरं आहे. साहेबांच्या घड्याळाशी माझं भांडण नाही. पण एक गोष्ट मला वाटायचं तुला माहीत आहे. पळतेस तू. दुसऱ्या कडव्यात तू श्वास घ्यायला विसरतेस, अगदी शाळेत गायचीस तेव्हापासून. मग दम संपायच्या आत ओळ गाठायला धावतेस. मी जागेवर राहिलो असतो तर तू उघडी पडली असतीस. म्हणून तुझ्याबरोबर धावलो. अकरा वर्षं धावलो. ते तुला चूक म्हणून ऐकू येत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, ताई. दोन दिवस तोंड फिरवून बसलो असतो, जेवलो नसतो, आणि मग हो म्हटलं असतं. तुझ्यासाठी सोडण्यासारखं माझ्याकडे तेवढं एकच होतं. ते तू मागायच्या आधीच घेतलंस.

बाबांनी बॅग भरली होती, म्हणून खोटं बोलावं लागलं. सांगितलं की कंपनीने माझं वाजवणं इथल्या टेपवरूनच घेतलं, जायची गरज उरली नाही. ते इतके खूश झाले की बॅग रिकामी करताना शीळ घालत होते. माझं हे खोटं तू सांभाळ. तू साहेबांना पुष्कळ अटी घातल्यास, माझी ही एकच.

काही दिवस पत्र पाठवू नकोस. वाचवत नाही.
तुझा भाऊ


१९ जून

चि. मोठीस,
अ. आ. मी पत्र लिहिणारा माणूस नाही, तू जाणतेस. चाळीस वर्षं लेथवर गेली, जे काय बोलायचं ते हातांनी. पण रेकॉर्ड आली आणि राहवलं नाही.

पार्सल ठोक्याने उघडलं. प्लेअर मी शेजारून मागून आणला. माझ्या कानांची दशा तुला माहीत आहे. तुझा आवाज काही पोचला नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. पण स्पीकरवर तळवा टेकवून बसलो आणि ठोके हातात आले. काय वाजवलंय पोराने! पट्टा नीट ताणलेला असला की मशीन कसं एकसुरात चालतं, तसं. केसभर फरक नाही. मी त्याची पाठ थोपटली. म्हटलं, गॅरेजात तर घोडं मागे लागल्यासारखा धावायचास, आणि इथे सुतासारखा सरळ? म्हणाला, सराव केला, बाबा. मग तो नळावर गेला, तो परत आला तेव्हा रेकॉर्डची एक बाजू संपली होती.

कव्हरवर त्याचं नाव मला सापडलं नाही. चष्मा बदलायला झालाय. त्याला विचारलं तर म्हणतो, बँडचं नाव आहे ना, त्यातच मी आलो.

हल्ली वाजवत मात्र नाही. कामावरून येतो, जेवतो, आडवा होतो. ड्रम त्याने मार्चातच घरी आणून चादरीखाली ठेवले होते. गेल्या रविवारी सगळा संच पलीकडच्या शाळेला देऊन टाकला. मी म्हटलं, अरे, आता वाजवणार कशावर? तो रिकामी चादर घडी घालत बसला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनी नवा संच देणार असेल आणि मला आधी कळू द्यायचं नसेल. मीही कमी नाही, काही समजलंच नाही असं दाखवतोय. त्याच्या पश्चात कपाट एकट्याने सरकवलं, कोपरा मोकळा केला, फरशी पुसून घेतली. नवा संच मोठा असला तरी मावेल.

तेवढं तू साहेबांना सांगून लवकर पाठवायला लाव. पोरगं तोंडाने मागणार नाही, तुला त्याचा स्वभाव ठाऊक आहे. येणार कधी ते मला गुपचूप कळव, म्हणजे त्या दिवशी मी घरी राहीन.

दोघं एकमेकांना धरून आहात, म्हाताऱ्याला आणखी काय हवं?
तुझे बाबा