येते म्हणाली कालिंदी

सोमवार, २७ एप्रिल २०२६

आले बाई एकदाची संभाजीनगरला! पडेगावात वच्छलाबाईंच्या घरी वरची खोली मिळाली. खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसतो आणि खाली दिवसभर पाण्याचे टँकर खडखडत जातात. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं म्हणे. वच्छलाबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं की केस धुवायचे तर नळ आल्यावरच. मी म्हटलं, चालतंय की, पाचोडला तरी कुठं गंगा वाहतीय.

एसटीत बसताना घाईत मी आईला ‘जाते गं’ म्हणाले, तर तिनं खिडकीतून हात घालून गालावर चापटच दिली. जाते नाय म्हणायचं, येते म्हणायचं. मग मी ‘येते’ म्हणाले, ती ‘ये’ म्हणाली, तेव्हा कुठं गाडी हलली. आमच्यात हे लई कडक. कुणाचं ‘येते’ कोरडं जाऊ द्यायचं नाय. बोहारीण जरी ‘येते ताई’ म्हणाली तरी आई हातातलं पीठ झाडून दारात येऊन ‘ये गं’ म्हणणार. शिवराजदादा मात्र मागून ओरडला, येशीलच की तनुजा, पंधरा दिवसात रडत येशील! सगळ्या स्टँडसमोर. हसली ना माणसं.

बघच म्हणावं. दोन आठवडे ट्रायल आहे, नऊ तारखेला शनिवारी पत्र हातात पडणार. मिळालं तर पर्मनंट. नाय मिळालं तर आबांनी गेवराईचं एक स्थळ धरूनच ठेवलंय. पोराला मी बघितलंय. बोलताना एकदाही तोंडातला तोबरा थुंकला नाय. परत जायचं नाय मला, काय वाट्टेल ते झालं तरी.

बुधवार, २९ एप्रिल

ऑफिस दौलताबाद रोडलाच आहे, तीन मजली इमारत. ठिबकच्या नळ्या विकणारी कंपनी. एसी एवढा थंड की बाहेरच्या उन्हातून आत आलं की नाक वाहायला लागतं. मला विश्वजीत सरांनी पहिल्याच दिवशी काम लावलं. ऑफिसातली सगळी बोलणी एका चॅट ॲपवर चालतात, दर कामाचं वेगळं चॅनल. काम संपलं की चॅनल आर्काइव्ह करतात. मग ते यादीतून जातं, जुनं वाचता येतं पण कुणाला नवीन काही लिहिता येत नाय. आता पैठणचा एक डीलर ग्राहक मंचात गेलाय, त्यामुळं दोन वर्षांपूर्वीचे मेसेज लागणार. ते आर्काइव्ह केलेले चॅनल मी एकेक करून परत चालू करायचे. सर त्याला ‘जिवंत करणं’ म्हणतात. आज किती जिवंत केले, असं विचारतात. मला जाम हसू येतं. मी काय संजीवनी आणणारा मारुती आहे का?

माणसं बरी वाटतात. मनस्विनी मॅडम एचआरला आहेत, बोलणं असं की कानात तूप सोडावं. हिमांशू माझ्या शेजारच्या टेबलावर, सारखा काहीतरी चेष्टा करणारा. मीटिंगमध्ये मी ‘व्हय सर’ म्हणाले तर सगळे हसले. मीपण हसले. तोंडाला लागलेली सवय आहे, जाईल हळूहळू.

शनिवार, २ मे

काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, आज अर्धा दिवस. एक गंमत झाली. आर्काइव्हमध्ये ‘लई-भारी’ नावाचं चॅनल दिसलं. सरांनी दिलेल्या कामात ते नव्हतं, पण नाव बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. एवढ्या ‘डिस्पॅच’ आणि ‘फॉलोअप’मध्ये कुणीतरी आपल्या बोलीतलं! म्हटलं, माहेरचं माणूस भेटलं. केलं जिवंत.

चॅनल उघडलं की आधी शेवटचा मेसेज दिसतो. कालिंदी नावाच्या मुलीचा होता, ११ मे २०२४ चा. एवढंच, ‘टाकी बघून येते.’ खाली कुणाचं काही नाय. दोन वर्षं बिचारीचं ‘येते’ कोरडं पडलेलं. मला राहवलं नाय. मी लिहिलं, ‘ये गं बाई, लवकर ये.’

लिहिलं आणि माझी मीच हसले. कॉम्प्युटर बंद करताना बघितलं तर कालिंदीच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला होता. म्हणजे ऑनलाइन. दुसऱ्या ब्रँचला असेल. भेटली तर विचारीन, टाकी भरली का गं?

सोमवार, ४ मे

आज जेवायच्या सुट्टीत ‘लई-भारी’ वरपर्यंत वाचलं. जेवण गेलं नाय नंतर.

माहेरचं माणूस कसलं, खाटकाचं दुकान आहे ते. कालिंदी पैठणची होती, माझ्याच टेबलावर बसायची. ती जे जे बोलायची ते हे लोक तिच्यामागं ह्या चॅनलवर लिहायचे आणि खिदळायचे. ‘आज पाणी पिली म्हणाली.’ ‘आज लई ऊन हाय म्हणाली, मी पैज जिंकलो, शंभर रुपये जमा करा.’ हिमांशूनं तिच्या बोलण्याचं चोरून रेकॉर्डिंग टाकलंय. आणि मनस्विनी मॅडम, ती कानात तूप सोडणारी बाई, तिनं खाली लिहिलंय की हिला क्लायंटसमोर आणू नका, गोठ्याचा वास येतो. विश्वजीत सरांनी त्यावर हसणारं तोंड टाकलंय.

मला असा संताप आला! दात आहेत, पण मेल्यांना जीभ नाय, नुसतं चावता येतं, असं आजी म्हणायची अशा माणसांना.

आणि एक मेसेज कळलाच नाय. तारीख २०२४ची, पण लिहिलंय, ‘हिरवी पिशवी घेऊन आली. पाचोडचा बाजार भरला.’ कालिंदी तर पैठणची. हिरवी पिशवी माझी आहे. असेल तिचीही. हिरव्या पिशव्या काय कमी असतात का?

मंगळवार, ५ मे

मॅडमना सरळ विचारलं, कालिंदी कोण. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला, जसा भिंतीला चुना फासावा. म्हणाल्या, सोडून गेली, आणि तुला ते चॅनल उघडायला कुणी सांगितलं? मी ‘कुणी नाय सांगलं’ म्हणाले, तर आधी ‘सांगितलं’ म्हणायला शीक, ‘सांगलं’ नाही, असंही ऐकवलं. सरांनी चॅनल लगेच आर्काइव्ह करायला लावलं. मी त्यांच्यासमोर केलं.

खरं काय ते गेटवरच्या कचरूमामांनी सांगितलं. शनिवार होता म्हणे, असाच मे महिना. हिमांशूनं तिला त्या चॅनलमध्ये मुद्दाम जोडलं, म्हणजे सगळं वाचायला मिळावं. ती वाचत बसली. मग तिथंच तिला लिहिलं की गच्चीवर जाऊन टाकी भरली का बघून ये, तुला चढायची सवय आहे. पोर बिचारी ‘येते’ लिहून गेली. मोबाइल चार्जिंगला टेबलावरच होता. ह्यांनी मागून गच्चीच्या दाराला कडी लावली, गंमत म्हणून. पाच मिनिटांत उघडू म्हणाले आणि कुणीतरी आइस्क्रीम मागवलं. खात खात घरी गेले. दुसऱ्या दिवशी रविवार, सोमवारी मतदानाची सुट्टी. मंगळवारी टाकीत पाणी नाय म्हणून कचरूमामाच वर गेले.

टाकी कोरडी होती, एवढंच ते म्हणाले, आणि उपरणं तोंडाला लावून बसले. कागदावर लिहिलं, ऊन लागलं.

बुधवार, ६ मे

‘लई-भारी’ परत चालू आहे. मी बंद केलं होतं, सरांच्या डोळ्यादेखत. यादीत सगळ्यात वर येऊन बसलंय.

जुन्या तारखेखाली नवीन मेसेज आहेत. ‘आज डब्यात ठेचा. नाकं दाबा.’ मी डबा उघडलासुद्धा नव्हता. वच्छलाबाईंनी भरून दिलेला. उघडला तर ठेचा.

मला काय समजत नाय. हिमांशूला दाखवलं तर त्याला फक्त माझं ‘ये गं बाई’ दिसतंय. ते वाचून तो पोट धरून हसला. भुताला आवतण दिलंस म्हणाला. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला माहीत. जाता येता मला म्हणतात, ये गं बाई.

गुरुवार, ७ मे

सकाळी मेसेज होता, ‘आज रडणार. बाथरूममध्ये.’ म्हटलं, रडतंय माझं खेटर. दिवसभर ओठ आवळून बसले. चार वाजता दादाचा फोन आला. विचारलं, पत्र मिळालं का, गेवराईचे लोक रविवारी येतायत, चहाची साखर आणून ठेवू का. मला कळलंही नाय मी कधी बाथरूममध्ये गेले. नळ सोडून रडले.

परत आले तर स्क्रीनवर, कालिंदी लिहीत आहे. तीन टिंबं वरखाली होत राहिली. मेसेज आला नाय. टिंबंच.

निघून जावं वाटतं. पण दोन दिवस राहिलेत. परवा पत्र आहे. दोन दिवसांसाठी त्या तोबऱ्याच्या गळ्यात पडू? दादाला खरं करू? नाय.

शुक्रवार, ८ मे

सगळे उद्या दुपारी म्हैसमाळला चाललेत, ट्रेनिंग आणि मजा. ऑफिस मंगळवारी उघडणार. नवीन माणसं नेत नाहीत म्हणाल्या मॅडम. नाय तर नाय.

कचरूमामांनाही सुट्टी दिलीय. जाताना मला सांगून गेले, पोरी, वर जाऊ नको. मी कशाला जातेय?

संध्याकाळी मेसेज आला. ‘हिमांशू यांनी तनुजाला जोडलं.’ मी तर आधीपासूनच आहे ना त्यात? तारीख बघितली. उद्याची होती.

शनिवार, ९ मे

सकाळ. पत्र तयार आहे म्हणाले सर. निघायच्या आधी देतो. तोवर बस.

मनस्विनी मॅडम म्हणाल्या, वर टाकी भरलीय का बघून ये. सगळे माझ्याकडं बघत होते. हिमांशूनं ओठ चावून हसू दाबलं. मी नाय म्हणाले. चक्क नाय. ‘नाही’सुद्धा नाय. पत्र नाय दिलं तरी चालेल म्हटलं. मॅडम म्हणाल्या, बघू.

दुपार. आता आला. कालिंदीचा.

‘दार उघड ना गं. लई ऊन हाय. तूच ये म्हणाली होतीस.’

मग परत, ‘पाय भाजतेत.’

मग परत. परत. थांबतच नाय. ‘तूच म्हणाली होतीस. तूच म्हणाली होतीस.’ खरंच की. मीच म्हणाले होते. दोन वर्षांत एकटीच मी. बोलावून दार लावून घ्यायचं? आमच्यात नाय असं करत.

कडी जिन्याच्या बाजूनं आहे. मी आत उभी राहूनच उघडणार. उंबऱ्याबाहेर पाऊल नाय टाकायचं. पिशवी खांद्याला घेतलीय, एवढं करते आणि निघते. पत्र गेलं चुलीत. पाचोडची गाडी धरते. हसू दे दादाला.

—

कडी उघडली. कुणी नव्हतं. नुसतं ऊन. टाकीच्या पलीकडं कुणीतरी पडलेलं, ओढणी हलत होती. मी हाक मारली. हात वर आला. किती बारीक हात तो. मी गेले. कशी नाय जाणार?

ओढणीच होती. माझी. सकाळी खुर्चीवर ठेवलेली.

मागं दार.

—

कडी. बाहेरून म्हणजे आतून. जिन्यात हसतायत. हिमांशू. मॅडम. सरांचं ते नाकातलं. आणि अजून एक जण हसतंय, पोरीचं हसू, लई मोकळं, ह्यांच्यातलंच झालेलं. ती म्हणाली, ‘लई भारी.’ सगळे परत हसले.

मोबाइल चार्जिंगला आहे. टेबलावर. पिशवीत ही वही आणि डबा.

—

ओरडून घसा बसला. खाली म्हैसमाळला जाणारी क्रूझर गाडी सुरू झाली. हॉर्न. गेली.

मग दाराला पलीकडून कुणीतरी गाल लावला. श्वास ऐकू येतो. तीच. मी म्हटलं, कालिंदी, मी तुझ्या बाजूची आहे गं, मीच एकटी. ती म्हणाली, माहीत हाय. पाच मिनिटं थांब, म्हणाली. आइस्क्रीम आलंय. म्हणाली, ‘येते हं.’

आणि माझं तोंड, हे मेलं तोंड, बोललं, ‘ये.’

—

टाकी कोरडी आहे.

मंगळवार. मंगळवारी उघडणार. चप्पल चिकटते खाली—सावली टाकीएवढीच होती, आता तेवढी पण—

डब्यात ठेचा. पाणी नाय—

आई गं, त्या दिवशी आधी जाते म्हणाले ना मी, ते धरू नको. दादाला सांग जिंकलास. साखर आणून ठेव म्हणावं. मी ये