शनिवारचं मशिन

बाई,

काल मी बोटभर कुंकू लागलेल्या, जागच्या जागी अडकलेल्या एका यंत्राला हात न लावता चेअरमनसाहेबांचं सहा पानी भाषण दुरुस्त केलं आणि छापून दिलं. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. ऑफिसात सांगून झालं, घरी सांगून झालं. घरचे म्हणाले, छान, आणि पुरणाकडे वळले. मग लक्षात आलं, यातली खरी गंमत कळेल असं माणूस एकच, आणि ते जाऊन सतरा वर्षं झाली. म्हणून आज दसऱ्याच्या सकाळी मी रिकाम्या ऑफिसात येऊन बसले आहे. सगळे तिकडे बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमाला गेलेत. लाउडस्पीकरवरून ‘सभासद बंधू-भगिनींनो’ ऐकू येतंय. पुढचं वाक्य मला पाठ आहे, कारण गेली अकरा वर्षं तेच आहे, फक्त हंगामाचा आकडा बदलतो.

मी कोण ते आधी सांगते, तुमच्या हाताखालून शेकड्यानं मुली गेल्या. मी काष्टीची. नगरला मावशीकडे राहून तुमच्या क्लासला यायचे. वेणी घट्ट, तोंड मोकळं. ‘हिची जीभ चाळीसच्या स्पीडनं चालते, बोटं पंचविसावर’ असं तुम्ही जिच्याबद्दल सगळ्यांसमोर म्हणाला होतात, ती मी. त्या जिभेचं पुढे एका साप्ताहिकात टोपणनावानं चिमटे काढण्याइतपत भलं झालं. बोटांच्या जोरावर या साखर कारखान्याच्या ऑफिसात वीस वर्षं टायपिस्ट आहे. आमचे साहेब दर आठवड्याला ते चिमटे मोठ्यानं वाचून हसतात आणि मलाच विचारतात, ‘कोण असेल हो हा?’

विहाराला लागून असलेली तुमची ती खोली. सहा मराठी मशिनं, एक इंग्रजी, आणि मागच्या दाराच्या पलीकडे तुमचं स्वयंपाकघर. आम्ही इकडे बडवत असायचो आणि तुम्ही तिकडे भाकरी थापत असायचात. तव्यावर भाकरी टाकता टाकता ओरडायचात, ‘तीन नंबर, करंगळी झोपली काय गं?’ न बघता कसं कळतं, याचं आम्हाला फार कोडं पडायचं. आम्हालाही कळांकडे बघायची बंदी होतीच. पांढऱ्या पंच्याची एक कड मशिनला चिमट्यानं लावलेली, दुसरी कड आमच्या गळ्यात, हात पंच्याखाली. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारख्या दिसायचो आम्ही. प्रत्येक पंच्यावर लाल दोऱ्यानं आकडा शिवलेला. रविवारी ते सगळे धुऊन विहाराच्या तारेवर वाळत पडायचे.

आणि शनिवार. शनिवारी तुम्ही सगळ्यांची मशिनं बदलायचात. आठवडाभर मऊ मशिनवर लाडावलेल्या मुलीला त्या पाच नंबरच्या म्हाताऱ्यावर बसवायचात, ज्याचा गाडा अर्ध्यात अडायचा आणि रफार दोनदा हाणल्याशिवाय उठायचा नाही. मी एका शनिवारी कुरकुरले, ‘बाई, मला माझंच मशिन द्या ना, हात बसलाय.’ तुम्ही हातातलं पीठ झटकत बाहेर आलात. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, ‘माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. रोज वेगळं रान, रोज दुसऱ्याचं खुरपं. माझं खुरपं द्या म्हणायची सोय नव्हती तिला. पहिल्या तासाला बोट कापायचं, दुसऱ्या तासाला ती सगळ्यांच्या पुढे असायची. हात मशिनवर बसवू नको, बोटांत बसव. बस पाचावर.’ मी बसले. त्या दिवशी एका पानात एकतीस चुका निघाल्या.

आता कालचं सांगते. पण कालच्या आधी चार वर्षांपूर्वीचं सांगावं लागेल. आमच्याकडे टाइपरायटर जाऊन कम्प्युटर आला तेव्हा मी घाबरले नव्हते. तो आला डॉसवाला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि त्याच्याशी बोलायचं ते टाइप करून. कळा तुमच्याच जागी. हुकूम टाइप करा, एंटर मारा, तो ऐकतो. नवऱ्यापेक्षा बरा. मला वाटलं, चला, सुटलो, आता निवृत्तीपर्यंत हेच. आणि या श्रावणात साहेबांनी नवं मशिन आणवलं, विंडोजवालं. पडदा रंगीत, त्यावर चित्रं, आणि बाजूला साबणाच्या वडीएवढा माउस. टेबलावर तो सरकवायचा, की पडद्यावर एक बाण सरकतो. बाण चित्रावर नेऊन दोनदा टिचकी मारायची. एवढंच.

एवढंच! बाई, मी पन्नासच्या स्पीडची बाई, तीन दिवस बाण आणि चित्र यांची गाठ घालत होते. बाण पडद्याच्या कडेला पळायचा, मी माउस टेबलाच्या कडेला न्यायचे, पुढे टेबल संपायचं. शिकवायला डीलरकडून एक टायवाले गृहस्थ आले होते. ते म्हणाले, ‘मॅडम, उचला आणि मध्ये ठेवा.’ म्हटलं, ‘मग बाणही मध्ये येईल ना?’ म्हणाले, ‘नाही, बाण तिथंच राहतो.’ म्हटलं, ‘म्हणजे मी जागा सोडली तरी तो सोडत नाही? अगदी आमच्या डायरेक्टर मंडळासारखा.’ ते हसले नाहीत. दोन टिचक्या मारायला गेले तर चित्रच उचलून भलतीकडे जाऊन पडायचं. पहिल्या दिवशी त्यांनी माउस उलटा करून दाखवला, खालचं झाकण फिरवलं, आतली रबरी गोळी काढली, रुमालानं पुसली, परत बसवली. ‘धूळ बसली की एवढं करायचं,’ म्हणाले. गेले पुण्याला.

साहेब मात्र रोज दारातून डोकावायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गोड आवाजात सांगितलं, ‘मॅडम, दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर तुम्हीच. नाहीतर आपण एक ऑपरेटर घेऊ आणि तुम्ही आवक-जावकला बसा. काम हलकं आहे, पंखाही आहे.’ आवक-जावक म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. वाईट काम नाही. पण बाई, तिथं बोटं लागत नाहीत. मनगट लागतं. तुमच्याकडून घेतलेली एकच चीज माझ्याकडे आहे, आणि ती पंख्याखाली ठेवून द्यायची? मला रात्री झोप लागेना. दिवसा तर ऑफिस असतं.

काल खंडेनवमी. कारखान्यात सगळी औजारं पुजली, पान्यांपासून ट्रॅक्टरांपर्यंत. ऑफिसची पूजा आमचे शिपाई मामा करतात. कपाटाला गंध, घड्याळाला गंध, शिक्क्यांना गंध, मग कम्प्युटर. नारळ वाढवला, पेढा मिळाला, आणि तासाभरात चेअरमनसाहेबांचा निरोप आला. उद्याचे प्रमुख पाहुणे येत नाहीत, दुसरे येतायत, भाषण बदला, पाच वाजेपर्यंत छापून पाठवा. पाहुण्यांचं कौतुक भाषणात अकरा ठिकाणी. कौतुक तेच ठेवायचं, नाव तेवढं बदलायचं. आजवर कुठल्याच पाहुण्याला ते कौतुक सैल किंवा घट्ट झालेलं नाही.

मी माउसला हात घातला. बाण हलेना. परत घातला. पडद्यावर ढिम्म. उलटा केला तर खालून लालभडक.

‘मामा, इकडं या. याला काय केलंत?’

‘कुटं काय? पूजा केली की.’

‘ती वरून करतात ना?’

‘आवो म्याडम, औजाराची पूजा धारंला करत्यात. नांगर आसंल तर फाळाला. ह्येची धार कुटं म्हून उलटा करून बगितला, तं खाली गोळी फिरती. म्हनलं, ह्योच फाळ. त्येलात कुंकू कालवून चांगलं माखलं.’

‘चांगलं माखलंत.’

‘बिगडलं का वो?’ मामांचा चेहरा एवढाएवढासा झाला. ‘धा हजाराची वस्तू आसंल. न्हाई, साहेबांना मीच सांगतो.’

साहेब आलेच. माउस बघून कपाळाला हात लावला. ‘झालं. आता डीलर सोमवारी येणार. मॅडम, जुन्या मशिनवर पहिल्यापासून टाइप करा.’ जुनं मशिन गोडाउनला गेलेलं. ‘मग टाइपरायटर?’ त्याची रिबन वाळलेली. साहेब माझ्याकडे बघतायत, मामा जमिनीकडे. साडेतीन वाजलेत. भाषण पडद्यावर उघडं आहे, दोन वितींवर आहे, आणि मला त्यात शिरता येत नाही.

आणि तेव्हा मला ती रेघ दिसली. पडद्याच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी शब्द असतात, फाइल, एडिट, असे. रोज बघत होते. प्रत्येक शब्दातल्या एकेका अक्षराखाली बारीक रेघ आहे. टायवाल्यांनी तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कम्प्युटरच्या माणसाला ती नक्षी वाटत असेल. पण टायपिस्टला वाटेल का, बाई? रेघ मारायची म्हणजे गाडा मागे न्यायचा, शिफ्ट दाबायची, अक्षराखाली पुन्हा ठोकायचं. तुम्ही आम्हाला रेघा मारू द्यायचा नाहीत. ‘कशाला मारलीस? कारण सांग, नाहीतर पान पुन्हा,’ म्हणायचात. म्हणजे कुणीतरी मुद्दाम, काहीतरी कारणानं, या एकाच अक्षराखाली रेघ मारली आहे. म्हणजे ते अक्षर दाबायचंय. नुसतं दाबलं, तर भाषणात उमटलं. कंट्रोल धरून दाबलं, भलतीच पेटी उघडली, ती एस्केपनं घालवली. स्पेसबारच्या शेजारची ऑल्टची कळ धरली आणि एफ दाबलं.

फाइलची यादी खाली उलगडली. माउसशिवाय. आणि त्या यादीतल्या प्रत्येक शब्दात पुन्हा एकेक रेघ!

मी ओरडले असेन बहुतेक, कारण मामा दोन पावलं मागे सरकले. मग काय सांगू. एडिटच्या यादीत ‘रिप्लेस’ सापडलं. एका पेटीत जुनं नाव, दुसऱ्या पेटीत नवं, एका पेटीतून दुसरीत जायला टॅब, आणि अकराच्या अकरा ठिकाणी पाहुणा बदलला. बाण एका कोपऱ्यात पडलेला, कुणी त्याला विचारत नव्हतं. नंतर नंतर तर मी पडद्याकडेही कमीच बघत होते. आधी बोटं जात होती, मग यादी उघडत होती. चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटर करकरायला लागला. श्रावणापासून ज्या मशिननं मला कुकुल्या बाळासारखं बोट दाखवायला लावलं, त्याच्या आत आमच्यासाठी एक मागचं दार ठेवलेलं होतं, स्वयंपाकघराच्या दारासारखं, आणि ते बोटांनीच उघडत होतं. मला इतका आनंद कधी झाला होता ते आठवत नाही. लग्नात झाला असेल, पण तेव्हा फोटोसाठी मान वर ठेवायची होती.

साहेबांनी पानं चाळली. ‘माउस नसताना?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘ऑपरेटरचं राहू द्या.’ मामा हळूच म्हणाले, ‘पूजा लागू झाली म्हनायची.’

घरी आल्यावर मी कपाटातून पंचा काढला. चार नंबरचा. परीक्षा पास झाल्याचे पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही तो घडी करून माझ्या हातात ठेवला होतात. मला तेव्हा वाटलं, जुनापुराणा दिला, बाईंचा हात आखडता. त्या पंच्याला भोक होतं हे तुम्हाला आठवतच असेल. एका रविवारी धुताना तुम्हाला ते सापडलं आणि सोमवारी तुम्ही सगळ्यांसमोर तो उंच धरलात. ‘कुणी कुरतडलं? उंदीर मोठा शिकलेला दिसतो, बरोबर आकड्यांच्या रांगेवर कुरतडतो.’ सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. बाई, आकडे चोरून बघायला कात्रीनं मी पाडलं होतं. काल उजेडात धरून बघितलं, तर तिथं बारीक पांढऱ्या टाक्यांनी रफू आहे, इतकं बारीक की वीस-पंचवीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. सगळ्या पंच्यांतला नेमका तोच मला दिलात, तोही रफू करून. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आज तो मी या नव्या मशिनवर घालायला आणला आहे, धूळ बसू नये म्हणून.

बाहेर टाळ्या वाजतायत. पाहुण्यांचं कौतुक आलं वाटतं. हे पत्र मी छापणार नाही. ऑल्ट धरून एफ दाबेन, मशिन ‘ठेवू का?’ विचारेल, तेव्हा ठरवेन. माउस इथंच शेजारी पडलाय, अजून लाल. उद्या मामांना समोर बसवून त्याचं झाकण काढायचंय आणि गोळी कशी पुसतात ते त्यांना शिकवायचंय. बिचारे काल जीव मुठीत धरून होते.

हो, बाई. काल साडेतीन वाजताही मला ती पुसता येत होती. तीन मिनिटांचं काम. रुमाल हातात घेतलाही होता. साहेब बघत होते, खुर्ची जाणार होती, आणि तरी मी तो परत पर्समध्ये ठेवला.

काल शनिवार होता.