लेकीच्या मशीनवर

आबा,

तळेगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली तीच अंधारी खोली. पेशंट संपलेत, मशीन बंद केलंय, फक्त कोपऱ्यातला दिवा ठेवलाय लिहायला. आतून पांढऱ्या, गोल अशा त्या मशीनला तुम्ही घमेलं म्हणाला होतात. मी नव्यानेच कामाला लागले होते. त्या वर्षी खाचराच्या बांधावरून तुमचा डावा पाय सारखा घसरायचा, शेजारी ठेवलेला तांब्या लवंडायचा, आणि मी फणकाऱ्याने म्हणायचे, जरा बघून चालत जा. डॉक्टरांनी काचबिंदूचा संशय घेऊन फील्ड, म्हणजे कडेची नजर तपासायची टेस्ट, करायला सांगितलं, तर आपल्या गावापासून, आंबीपासून, जीपमध्ये सगळ्यांना सांगत आलात की लेकीची मशीन बघायला चाललोय. अंगात लग्नाकार्याचा सदरा, आणि चपला दाराबाहेर काढलेल्या. मला तेव्हा इतरांसमोर लाजच वाटली.

तुम्ही हनुवटी टेकवता, मी एका डोळ्यावर पट्टी लावते, मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघा, कडेला ठिपका चमकला की बटण दाबा, असं सांगते. माणूस उगाच दाबतोय का हे कळावं म्हणून मशीन मधूनच नुसता आवाज करतं, ठिपका दाखवतच नाही. तुम्ही तेव्हाही दाबत होतात. मला ऐकू येत होतं, तरी मी थांबवलं नाही. बाहेर येऊन तुम्ही हसलात. "समदे ठिपके घावले बघ. लेकीच्या मशीनवर बाप नापास झाला न्हाई."

तपासणी भरवशाची नाही, असं रिपोर्टवर छापून आलं होतं. डॉक्टर म्हणाले, परत करू. मी म्हटलं, भात काढून झालं की आणते. भात निघालं, मग ताईचं लग्न आलं, मग काही ना काही. दोन वर्षं गेली. या आजारात गेलेली नजर परत येत नाही, हे मी रोज लोकांना समजावत होते आणि घरी तुमच्यावर चिडत होते. शेवटच्या दिवसांत तुम्हाला माझं तोंड दिसायचं, पुढ्यातला चहा दिसायचा नाही. कुणी विचारलं तर सांगायचात, "लेकीनं तपासलं हुतं, तवा समदं ठीक हुतं." यापेक्षा तुम्ही मला शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

आता मी प्रत्येकाला आधी सांगते, इथं कुणी पास-नापास होत नाही, बरेच ठिपके दिसणारच नाहीत, दिसला नाही तर गप्प बसा.

हा आजार घराण्यात चालत येतो, म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला घमेल्यापुढे बसवलं. कडेला बराच वेळ काहीच चमकलं नाही. नुसता आवाज येत राहिला, आणि आबा, मी बटण दाबलं. एकदा नाही, कितीदा तरी. रिपोर्ट पर्समध्ये आहे, हा कागदही त्याच्याच घडीत ठेवतेय. डॉक्टरांना मी सांगून आलेय, भात काढून झालं की परत करू.