शनी का धावत नाही?

चि. नम्रता हीस वैशाखऱ्याहून मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी मान, तुझ्या सासूबाईंचे गुडघे आणि शहापूरच्या कॉलेजातले तुझे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. मी धडधाकट आहे. घोर आहे तो सातवीतल्या जनीचा. दिवाळी सरली की तिचे आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरीला नेतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर बाकावरची तिची जागा रिकामी. यंदाही तेच होणार म्हणून मी हाय खाऊन बसलो होतो.

त्यात विज्ञानाच्या बाईंची बदली झाली. संस्कृतवाल्याला ग्रहांची सवय असते, असं ठरवून मुख्याध्यापकांनी तो धडा माझ्याकडे दिला. मी आपले मुखोद्गत नवग्रह पोरांना वाटले. सूर्य स्वतःकडे ठेवून बाकीचे राहू-केतूसकट सगळे वाटून झाल्यावर ध्यानात आलं, की पृथ्वी व्हायला कुणी उरलंच नाही. (राहूला पदच्युत करून पृथ्वी केली. केतू अजून रुसलेला आहे.) मग वरात काळूराम पाटलांच्या खळ्यावर नेली. मळणी नुकतीच उरकली होती, मधला खांब उभाच होता. खांबाला टेकून सूर्य मी झालो. माझ्या घेराकडे पाहता दुसरा उमेदवार नव्हता.

'फिरा' म्हटल्याबरोबर पोरं जन्मभर जे पाहिलं तेच करू लागली. मळणीच्या बैलांसारखी एकाच दाव्याला ओळीनं लागली. आतला बुध, म्हणजे रितेश, जागीच गरगरला आणि सगळ्यांत बाहेरचा शनी, म्हणजे जनी, जीव खाऊन धावत सुटली. तिसऱ्या फेरीला बुध भोवळ येऊन सूर्याच्या पायांत पडला.

मी म्हटलं, उलटं झालं. बुध अठ्ठ्याऐंशी दिवसांत फेरी मारतो, शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. एक तर वाट लांब, त्यात चाल मंद.

जनीनं तिथंच अडवलं, "मंद कशी गुरुजी? आतला बैल हळू चालतो, भायेरच्याला धावाय लागतं. तुमी मळणी पायली नाय का कदी?"

मी 'शनैश्चर' शब्द फोडून दाखवला. हळू चालतो म्हणून शनैश्चर.

"पन नाव ठेवायच्या आदी बी तो हळूच चालत व्हता ना?"

(तीस वर्षं शिकवतोय. इतकी स्वच्छ शंका मला स्वतःला कधी सुचली नाही.) ठाऊक नाही म्हणालो, भाचीला विचारतो म्हणालो. तरी उलटटपाली सविस्तर उत्तर धाड.

तुझा,
मामा

ता. क. काल जनीचा बाप बुधू आला होता. "पोरगी हटून बसलीय गुरुजी. शनीचं समजल्याबिगर भट्टीवर येत नाय म्हनते. ऱ्हाऊ द्या आजीकडं, तुमचं उत्तर येईस्तवर. आलं का धाडा तिला भट्टीवर."

ता. क. २. तेव्हा सविस्तर लिहू नकोस. महिन्याला एक पत्र, आणि त्यात एवढंच उत्तर, की तिला दोन नव्या शंका निघाव्यात. जूनपर्यंत पुरव. खोटं मात्र काही लिहू नकोस, ती पकडेल. आणि मलाही आधी काही सांगू नकोस. तिनं रोज विचारलं, तर रोज 'ठाऊक नाही' हे मला खरं सांगता आलं पाहिजे.